आजीच्या डब्यातले रुपये: तोलून वाटायचे की एकेका नाण्याची किंमत काढायची?

सुजाता_नेवासा

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना आजीचा पितळी डबा निघाला. आत जुनी नाणी. आम्ही तिघं भावंडं, मी मधली. थोरल्या दादाचं म्हणणं असं की सगळी नाणी सराफाच्या काट्यावर टाकायची, चांदीचा भाव लावायचा आणि तीन सारखे वाटे करायचे, म्हणजे भांडणच नको. धाकट्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलंय. तो म्हणतो, यातलं एकच नाणं लाखाचं आहे, तोलायचं नाव काढू नका. शिवाय आमचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे पाठवून तिकडेच विकू म्हणतो. दोघांत अबोला व्हायची वेळ आलीय.

डब्यात आहे ते असं. व्हिक्टोरिया राणीचे थोडे रुपये, त्यांवर १८४० आणि १८६२ ही सालं आहेत. पंचम जॉर्जचे सगळ्यात जास्त, बहुतेक १९१८, १९१९ आणि १९२० चे, एक १९११ चा. एका रुपयावर १९३९ आहे, लाखाचा म्हणतात तो हाच. एक वाघाचं चित्र असलेला १९४७ चा, तो लोहचुंबकाला चिकटतो म्हणून दादाने खोटा ठरवला. भोकाचे पैसे मूठभर, काही तांब्याच्या शिवराया, कमळाचे वीस पैसे. खणाच्या तुकड्यात शिवलेली एक पुरचुंडी होती, ती उसवली तर आत १९२० चेच पाच रुपये, काळपट-निळसर पडलेले. याखेरीज देवघरात लक्ष्मीपूजनाचा एक रुपया आहे, तोही १९२० चा. आणि आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ, तिच्यातल्या प्रत्येक रुपयाला कडी लावलेली आहे.

जितकं जुनं तितकी किंमत जास्त, हे खरं का? आणि काळे पडलेले रुपये कुणाला दाखवण्याआधी स्वच्छ करून घेऊ का?

गोदाकाठ

ताई, आमच्याकडे होते तेव्हा आम्ही चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून सकाळी बारीक रांगोळीने घासले होते. नव्यासारखे लखलखीत झाले. काळी नाणी सराफ हातात धरत नाही.

तोळामासा

सुजाताताई, कळकळीने सांगतो, चिंच लावू नका, रांगोळी लावू नका, टूथपेस्ट लावू नका, पदराने पुसूही नका. पुरचुंडीतल्या पाच रुपयांना तर कडेनेच धरा. बोटांचा घाम चांदीवर ठसा ठेवतो आणि तो ठसा काही महिन्यांनी काळा होऊन वर येतो. गोदाकाठ यांचा रुपया सराफाला विकायचा होता, सराफ तो वितळवणारच होता, तिथे घासलं काय नि न घासलं काय. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत कारागीर होते. रुपये मुशीत जाताना मी लहानपणापासून पाहिलेत. एकदा मुशीत गेलं की कुठलं साल, कुठली टांकसाळ, सगळं संपलं, उरली ती चांदी. त्यामुळे नाणं वाचतं की नाही, याला माझ्या लेखी फार मोल आहे. थोडं लांबलं तर वाचून घ्या.

आधी दादांच्या बाजूचं बोलतो, कारण त्यांचा हिशोब पूर्ण चुकीचा नाही. १८३५ पासून कंपनीने आणि पुढे सरकारने जो रुपया पाडला, त्याचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजच्या सराफीतला दहा ग्रॅमचा तोळा नव्हे, जुना १८० ग्रेनचा. त्यात चांदी ९१.६७ टक्के, शुद्ध चांदी धरली तर १०.६९ ग्रॅमच्या आसपास. १९३९ पर्यंतच्या प्रत्येक खऱ्या रुपयाची किंमत एवढ्या चांदीच्या खाली जात नाही. १९४० पासून ४५ पर्यंत चांदी निम्म्यावर आणली आणि ४६-४७ चे रुपये तर निकेलचे. निकेल लोहचुंबकाला चिकटतंच. तुमचा वाघाचा रुपया चिकटतो म्हणूनच तो बरोबर आहे, न चिकटता तर मी शंका घेतली असती. पण तो चांदीच्या ढिगात टाकू नका, त्यात चांदी औषधालाही नाही.

आता वय. जुनेपणाने किंमत येत असती तर तुमच्या शिवराया सगळ्यात महाग ठरल्या असत्या. शिवरायांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकानंतर होन आणि शिवराई पाडली. सोन्याचा होन मिळणं म्हणजे भाग्य, तो संग्रहालयातच बघायचा. शिवराई मात्र पुढे छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात आणि इंग्रज आल्यावरही काही काळ पाडली जात होती. दुदांडी म्हणतात त्या प्रकारची शिवराई पुण्याच्या जुन्या बाजारात आजही ढिगाने मिळते. असल्या हाताने ठोकलेल्या नाण्यात झीज हा दुय्यम मुद्दा असतो. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पूर्ण उतरलेली शिवराई शंभरात एखादी सापडते. तुमच्याकडच्या शिवरायांवर अक्षरं कितपत वाचता येतात ते बघा आणि एखादीवर सगळी अक्षरं आणि भोवतीची ठिपक्यांची किनार दिसत असेल तर तिचा फोटो टाका.

१९१८, १९, २० च्या रुपयांची गोष्ट उलटी आहे. पहिल्या महायुद्धात लोकांचा कागदी नोटांवरचा विश्वास उडाला, जो तो नोट देऊन चांदीचा रुपया मागायला लागला. सरकारकडे चांदी उरेना. तेव्हा १९१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवायला काढले. सुमारे २७ कोटी डॉलर वितळले, त्यातल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. ती इथे आली आणि कलकत्ता-मुंबईच्या टांकसाळी रात्रंदिवस रुपये पाडत बसल्या. महाराष्ट्रात ज्या घरात जुना रुपया आहे तिथे या तीन सालांपैकी एखादा असतोच. हातोहात फिरून गुळगुळीत झालेला १९१९ चा रुपया संग्राहक चांदीच्या भावाने घेईल, वर फार तर थोडं.

पण अशा मुबलक नाण्यात सगळा खेळ अवस्थेचा असतो, म्हणून तुमची पुरचुंडी वाचून मी खुर्चीतून उठलो. १९२० मध्ये ज्याने ते पाच रुपये खणात शिवून ठेवले, त्याच्या हाती ते कोरे आले असतील आणि तसेच राहिले असतील, तर ते बाकीच्या ढिगात मोडत नाहीत. रुपये कोट्यवधी पडले, पण ते वापरण्यासाठी. न वापरलेले किती राहिले, हा प्रश्न वेगळा.

ओळखायचं कसं ते सांगतो. पिवळ्या बल्बखाली रुपया कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. ठशाचा दाब बसतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्या शाबूत असतील तर नाणं फिरवताना प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. काळपट थराखालूनसुद्धा ते फिरताना दिसतात. घासलेला रुपया दुरून जास्त चकाकतो, पण त्याची चकाकी एका जागी थिजलेली असते, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले ओरखडे दिसतात. या रेषा एकदा गेल्या की कुणीही परत आणू शकत नाही. काळा-निळा थर हा चांदीवर बसलेला गंधकाचा थर आहे, तो नाण्याचं काही वाईट करत नाही. जाणकाराला तो हवाच असतो, कारण त्यावरून नाण्याला शंभर वर्षांत कुणी हात लावला नाही हे कळतं.

दुसरी खूण झिजेची. पंचम जॉर्जच्या रुपयात सगळ्यात आधी झिजतं ते भुवईचं टोक, मिशी, कानाची वरची कड आणि मुकुटातले मोती. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड, पाय, पाठीवरची झूल हे सगळं भिंगातून वेगवेगळं दिसलं पाहिजे. पुरचुंडीतला एक आणि डब्यातला एक असे दोन १९२० शेजारी ठेवा आणि फक्त हत्तीकडे बघा. मी शंभर ओळी लिहून जे सांगू शकणार नाही ते तिथे दिसेल.

हत्तीवरून १९११ आठवला. त्या सालच्या रुपयावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला होता की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान प्रजेने हरकत घेतली, रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. वितळवले तरी बरेच लोकांकडे राहिले, पण पंचम जॉर्जचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला तो एक हवाच असतो. मागणी पुरवठ्याच्या पुढे पळते, म्हणून झिजलेल्या १९११ लाही शेजारच्या सालांपेक्षा बरा भाव असतो. तो बाजूला काढा.

१८४० आणि १८६२ बद्दल घाईने मत देत नाही. १८४० चा रुपया १८६२ पर्यंत तेच साल घालून पाडत होते. त्यात राणीच्या डोक्यावरून सलग जाणारी अक्षरं आणि डोक्याने दुभागलेली अक्षरं असे दोन मुख्य प्रकार, आणि मागच्या पानांच्या वेलीत फळं किती यावरून पोटप्रकार. १८६२ हे सालही १८७४ पर्यंत गोठवलेलं होतं. मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून सालाच्या वर-खाली बारीक ठिपके दिले. काही ठिपक्यांचे रुपये सहज मिळतात, काहींसाठी संग्राहक वर्षं घालवतात. म्हणजे दिसायला सारखेच दोन १८६२ किमतीत एकमेकांच्या जवळपासही नसतील. आणि झीज झाली की पहिला बळी त्या ठिपक्यांचाच जातो. दुर्मीळपणा ओळखता यायलाही अवस्था लागते ती अशी.

१९३९ चं शेवटी लिहितो. त्याचं वजन सांगा, एक दशांश नव्हे, दोन दशांश स्थळांपर्यंत. सोबत शेवटच्या ९ चा जवळून फोटो. तोवर धाकट्या भावाला म्हणावं, आनंद जरा आवर.

अभिजित_पनवेल

माहिती छान, पण एक खटकलं. दुर्मीळ म्हणजे कमी पाडलेलं, एवढं सरळ आहे की. याद्यांमध्ये प्रत्येक सालाचा आणि टांकसाळीचा आकडा दिलेला असतो. तो बघितला की विषय संपतो, यात अवस्था वगैरे नंतर.

तोळामासा

अभिजित, आकड्याने विषय सुरू होतो. याद्यांत असतो तो पाडलेल्या नाण्यांचा आकडा. तुम्ही आणि मी विकत घेतो ती उरलेली नाणी. मध्ये मूस आहे.

१९३९ चंच घ्या. मुंबईच्या टांकसाळीचा आकडा यादीत लाखांत आहे. तेवढ्यावर ठरवलं तर तो दुर्मीळ वाटणार नाही. पण युद्ध सुरू झालं, १९४० ला चांदी निम्मी झाली आणि १९४१ ते ४३ च्या दरम्यान जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. १९३९ चे फार थोडे वाचले. त्यामुळे झिजलेला, कडेला ठोकर लागलेला खरा १९३९ आला तरी लोक रांग लावतात. आणि कोटींनी पडलेल्या १९२० चा कोरा करकरीत तुकडा मागा, दुकानदार आधी मागच्या कपाटाची किल्ली शोधतो.

माझ्या अनुभवात नियम असा: नाणं जितकं मुबलक तितकी त्याची किंमत अवस्थेवर जास्त टांगलेली. दुर्मीळ नाण्यात पहिला प्रश्न खरं की खोटं, अवस्था त्यानंतर. तीही कमी महत्त्वाची नाही, एकाच दुर्मीळ नाण्याच्या बऱ्या आणि उत्तम तुकड्यांत अनेक पटींचा फरक पडतो. पण मुबलक नाणं वाईट अवस्थेत असेल तर ते चांदीच. दुर्मीळ नाणं वाईट अवस्थेतही नाणंच राहतं.

अवस्था मोजायला जगभर १ ते ७० ची मोजपट्टी आहे, शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी केलेली. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासणाऱ्या अमेरिकन संस्था १९८६-८७ पासून त्या पट्टीने नाणं सीलबंद डबीत घालून देतात, आपल्याकडचे लिलाववालेही तीच भाषा बोलतात. घासलेल्या नाण्याला त्या आकडा देत नाहीत, चिठ्ठीवर 'साफ केलेलं' असं लिहून मोकळ्या होतात. चिंचेच्या एका रात्रीची किंमत ती एवढी असते.

मंदार_९६

माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. एक जण ऑनलाइन दहा लाख द्यायला तयार आहे, आधी फक्त नोंदणी फी आणि जीएसटी भरायला सांगतोय. रिझर्व्ह बँकेचं पत्रही पाठवलंय त्याने. भरू का?

ऋता_मिरज

मंदार, एक रुपयाही भरू नकोस. ते नाणं २०१२ चं आहे, अमाप पाडलेलं, लोकांच्या पाकिटात अजून फिरतंय. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी, कमिशन, कर मागणारे फसवे लोक आहेत आणि बँक असल्या कुठल्याही व्यवहारात नाही. तुझा माणूस त्यातलाच. आधीच काही भरलं असशील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन कर, आजच. ज्याला खरंच नाणं घ्यायचंय तो तुला पैसे देतो, तुझ्याकडून मागत नाही.

सुजाताताई, तुमच्यासाठीही एक. न्यू जर्सीला पाठवायचा विचार सोडून द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२० चे रुपयेसुद्धा आता त्यात आले. मावसभाऊ दिवाळीला येऊन परतताना खिशात नेतो म्हणाला तरी नको, विमानतळावर त्याचीच अडचण होईल. घरात ठेवायला, भावंडांत वाटायला, इथल्या इथे परवानाधारक व्यापाऱ्याला विकायला काही अडचण नाही.

सुजाता_नेवासा

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. सराफ ओळखीचे आहेत, त्यांनी दागिन्यांच्या काट्यावर एकेक तोलून दिलं, हातात कापडी मोजेही दिले.

१९३९ चा भरला ९.७४ ग्रॅम. लोहचुंबकाला चिकटत नाही. अक्षरं मात्र अगदी ठळक आहेत, राजाचे केसही मोजता येतील असे. ९ चा फोटो लावलाय.

पुरचुंडीतले पाचही ११.६४ ते ११.६७ च्या मध्ये. देवघरातला ११.३८. हत्ती बघितला! पुरचुंडीतल्याच्या पाठीवरची झूल सुद्धा दिसते. देवघरातल्या रुपयावर हत्तीच्या जागी नुसता उंचवटा आहे, आणि राजाचं नाक-कान सपाट. आजी आणि आई दर दिवाळीला तो चिंचेने उजळायच्या, मग पंचामृत, हळद-कुंकू. पुरचुंडीतले फिरवले तर तुम्ही म्हणता तसे पट्टे चारांत स्पष्ट फिरतात, पाचव्यावर एका बाजूला हिरवट डाग आहे, तिथे थांबतात.

१८६२ चे दोन आहेत. एकावर सालाखाली ठिपके दिसतात, दुसऱ्याचं काही कळत नाही. शिवरायांवर अक्षरं अर्धीमुर्धीच.

माळेचं काय करू? दादा म्हणतो कड्या काढून टाकू, मग तेही रुपये मोजता येतील.

तोळामासा

ताई, १९३९ चा रुपया खोटा आहे. वाईट वाटतंय लिहिताना, पण शंका उरत नाही. चांदीचा रुपया कितीही वापरला तरी त्याचे दोन ग्रॅम झिजेपर्यंत त्याच्यावर चेहरा राहत नाही. तुमच्याकडे चेहरा ठळक आणि वजन पावणेदहा, म्हणजे झिजलेला नाही, मुळातच हलक्या धातूचा. फोटोत ९ च्या पोटाजवळ सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ते ओतीव कामाचे. कडेवरच्या बारीक रेघांमध्ये कुठेतरी पुसट जोड दिसेल, भिंग लावून बघा. याच्याहून अवघड नकला असतात, खऱ्या १९३८ च्या रुपयावरचा ८ कोरून त्याचा ९ केलेला. तिथे वजन, चांदी, कड सगळं बरोबर असतं आणि फक्त शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते. म्हणून कुणी १९३९ विकायला आला तर पहिली नजर तिथे जाऊ द्या. तुमच्या घरातला कुणीतरी कधीतरी फसवला गेला असेल, तो रुपया वेगळ्या पाकिटात 'नक्कल' असं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीत पुन्हा अबोला व्हायला नको.

आता पुरचुंडीतले चार. त्यांची वजनं, हत्ती आणि फिरता प्रकाश एकत्र धरला तर ते न वापरलेले आहेत असं मी हातात न घेताही म्हणायला तयार आहे. लाखाचे नाहीत, पण डब्यातल्या झिजलेल्या १९२० च्या कैक पट भाव त्यांना येईल. मुंबई-पुण्याचे लिलाव करणारे आपले मागचे भाव इंटरनेटवर ठेवतात. तिथे १९२० चा रुपया शोधा, मुंबईचा की कलकत्त्याचा ते आधी बघून. मागच्या बाजूला खालच्या फुलाखाली चिमुकला उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, काही नसेल तर कलकत्ता. आणि विकायला मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. मागायला कुणीही काहीही मागतो.

पाचव्यावरचा हिरवा डाग खणाच्या जरीतल्या तांबे धातूमुळे आला असावा. हाताला चिकट लागतो का? कोरडा असेल तर तसाच राहू दे. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकटा येतो तो वेगळा, तो शुद्ध ॲसिटोनमध्ये नुसता बुडवून काढतात, चोळत नाहीत. नखांच्या पॉलिशचं रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. पण तुमचा डाग तो नाही, तेव्हा ॲसिटोनच्या वाटेला जाऊ नका. पाचही रुपये कडक मायलरच्या किंवा पुठ्ठ्याच्या नाणे-होल्डरमध्ये ठेवा. मऊ प्लॅस्टिक आणि रबरबँड घरातून हद्दपार. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी.

ठिपक्यांच्या १८६२ चा फोटो अगदी वरून, उजेड एका बाजूने टाकून काढा. मी आणि इथले दोघं-तिघं मिळून ठिपके मोजू. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नेवाशाहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथलं संग्रहालय भावंडांनी एकत्र बघून या असं मला मनापासून वाटतं. शिवराया, अंकुशी रुपये, सातवाहनांची नाणी ओळीने बघितली की अवस्था म्हणजे काय ते डोळ्यांत बसतं.

माळेच्या कड्यांना हात लावू देऊ नका. कडी डाख देऊन बसवलेली असते. काढली तरी डाखेचा व्रण आणि तापलेल्या जागेचा रंग राहतोच, म्हणजे नाणं म्हणून किंमत येत नाही आणि माळही मोडते. आख्खी माळ जुना दागिना म्हणून मागणारे लोक आहेत, सुटे व्रणाचे रुपये कुणी मागत नाही. माझ्या वडिलांच्या हातूनही अशा माळा मोडल्या गेल्या, गिऱ्हाइकाचीच मागणी असायची.

देवघरातल्या रुपयाचं नाणेबाजारात काही नाही, चांदी तेवढी. त्याला कुणी तोलू नये असं माझं मत. तो देवघरातच राहू दे आणि तुम्ही दिवाळीला चिंचेने उजळा, त्याच्यावर आता गमावण्यासारखं काही उरलेलं नाही.

वाटणीचं विचारलंत म्हणून सांगतो. दादांचा काटा डब्यातल्या झिजलेल्या १९१८, १९, २० ना लावा, तिथे तो न्याय्य आहे. त्यातून १९४७ आणि नक्कल वगळा. पुरचुंडीतले पाच, १९११, १८४० आणि दोन १८६२ यांना काटा लावू नका. ते एकाच्या नावे न करता सध्या एकत्र ठेवा, दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवा, भाव लिहून घ्या आणि मग ज्याला जे हवं ते त्याने त्या भावाने आपल्या वाट्यात धरावं. व्यापारी फोटो काढायला मागेल तर द्या, नाणी ठेवून जा म्हणाला तर देऊ नका.

सुजाता_नेवासा

काका, धाकट्याला वाचून दाखवलं. थोडा हिरमुसला, मग स्वतःच भिंग घेऊन १८६२ घेऊन बसला. त्याला सालाच्या खाली ठिपके दिसतात आणि वरही एक असल्यासारखा वाटतो, पण वरचा मळ आहे का ठिपका ते ठरत नाहीये. दादा म्हणतो कापूस ओला करून हलकेच फिरवू का?

तोळामासा

नको! कापूसही नको. उजेड डावीकडून, मग उजवीकडून असे दोन फोटो काढा. उठावाचा ठिपका असेल तर त्याची सावली बाजू बदलेल, मळाचा नुसता सपाट डाग असेल तर काही बदलणार नाही. फोटो टाका, मी जागा आहे.